पोर कुणावर गेली

मला आत्याने वाढवलं. आई जिवंत होती, आमच्या रत्नागिरीच्या घरापासून एस.टी.ने फार लांब नाही अशा पावसला, तिच्या माहेरी राहत होती. पण आमच्यात नव्हती. माझ्या जन्मानंतर काही महिन्यांत ती गप्प झाली. मग भर दुपारी चुलीवरचा भात तसाच सोडून रस्त्याला लागायला लागली. एकदा मला उन्हात अंगणात ठेवून गेली, तेव्हा वडिलांनी तिला माहेरी पोचवलं. आता म्हणे या दुखण्याला नाव आहे आणि औषधही आहे. तेव्हा आमच्या घरात त्याला एकच शब्द होता, खूळ. वडील एस.टी.त कंडक्टर होते. पावसच्या गाडीवर ड्युटी लागली की ते दुसऱ्याशी बदलून घेत.

आत्या वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. तिने माझ्यासाठी काय केलं नाही? तापात उशाशी बसली, शाळेत आणायला-सोडायला आली, स्वतःच्या पातळातून माझे परकर शिवले. पण तिचा एक डोळा कायम माझ्यावर असे. मी एकटीच हसले तर स्वयंपाकघरातून विचारी, "कुणाशी हसतेस गो?" गप्प बसले तर, "बोल काहीतरी." खिडकीशी जरा जास्त वेळ उभी राहिले तर माझ्या हातात सूप येई, तांदूळ निवडायला. आळीतल्या बायका जमल्या की माझ्याकडे बघून म्हणत, खाण तशी माती. शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं ती, आणि शीत मी.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे माझा डावा हात. आई डावरी होती. मीही डाव्या हाताने घास उचलायला लागले, तेव्हा आत्याने तो हात माझ्याच फ्रॉकच्या पट्ट्याने कमरेला बांधला. जेवताना बांधी, पाटी घेतली की बांधी. मारलं कधीच नाही. बांधताना तिचेच डोळे भरलेले असत, त्यामुळे मला तिच्यावर धड चिडताही आलं नाही. मी उजवी झाले. पण अजून एखादं भांडं पडायला लागलं की झेलायला डावा हात पुढे जातो.

आईच्या रक्तातून माझ्यात काय आलं आणि आत्याच्या नजरेने काय घडवलं, ते मला अजून वेगळं करता येत नाही. घरात एकटी असले तरी मी काय करतेय ते मोठ्याने सांगत असते. "आता भाजी चिरते, आता दार लावते." कुणी विचारायच्या आधी उत्तर दिलेलं बरं. माझं हे पुटपुटणं ऐकून लोक एकमेकांकडे बघतात. खूळ दिसू नये म्हणून जे शिकले, त्यानेच मी खुळी दिसते. आत्याला हे सांगायला हवं होतं. तिला हसू आलं नसतं म्हणा.

मला बघायला आलेल्यांनी आईची चौकशी केली तेव्हा आत्याने मला नेमकं चहा घेऊन बाहेर बोलावलं आणि कपबश्यांच्या आवाजात सांगून टाकलं, "तिला संधिवात आहे." कप मी उजव्या हाताने दिले. १९९८ साली लग्न झालं आणि त्याच वर्षी आत्या गेली. इतकी रडले की सासरच्यांना वाटावं, हिची सख्खी आईच गेली असावी. ते काही खोटं नव्हतं.

दोन हजार साली मला दिवस गेले. सासूबाईंनी पलंगासमोरच्या भिंतीवर एका गुटगुटीत, कुरळ्या केसांच्या बाळाचं कॅलेंडर लावलं. गरोदर बाई ज्याला बघते त्याच्यावर पोर जातं, म्हणून उठताबसता त्याच्याकडे बघायचं. ते बाळ बाराही महिने हसत होतं, मला त्याचा वैताग आला. माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, आणि माझं माहेर म्हणजे आत्या होती. मग एका सकाळी उठले आणि पावसच्या गाडीत बसले. आईलाच विचारायचं ठरवलं. मला आठवतं तसं मी तिला पाहिलेलंच नव्हतं, आत्याने कधी जाऊ दिलं नाही आणि नंतर मलाच धीर झाला नाही.

मामाचं घर बागेत. आई पडवीत बसून नारळाच्या झावळ्यांचे हीर काढत होती, झाडू बांधायला. सुरी डाव्या हातात होती आणि हात सराईत चालत होता. तो हात कुणी बांधला नव्हता. मी बघतच राहिले.

मामा म्हणाला, "ताय, तुजी लेक आली बघ."

तिने मान वर केली. तिची नजर माझ्या तोंडावर आली, तिथून पोटावर गेली, आणि तिने सुरी टाकून पदर कपाळावरून थेट हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

"माज्याकडं बघू नको गो," पदराआडून ती म्हणाली. "पोर माज्यावर जायल."

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "आई, मी बाळंतपणाला येऊ का तुझ्याकडे?"

"नको. माज्यावर गेली तर सांभाळायला आता तुजी आत्यापन नाय."

आत्या गेल्याचं तिला ठाऊक होतं. मी तिचा पदर ओढून काढू शकले असते, माझा हक्कच होता. पण तो तिने दोन्ही मुठींत असा धरला होता की माझा हात उचलला गेला नाही. मग ती हळूच म्हणाली, "तू पाठ कर. मंग मी बघतंय तुला."

मी बागेकडे तोंड करून बसले. मागे पदर सरकल्याचा आवाज आला. ती मला बघत होती, आणि मी मोहोर आलेल्या आंब्याच्या कलमांकडे बघत रडत होते. पाठीवर हात फिरला, वेणीवरून खाली आला.

"केस चांगले राखलेन गो आत्यानं," ती म्हणाली.

बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. कॅलेंडरमधल्या बाळाचा तिच्यात मागमूस नव्हता. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, ती पावलं टाकायला लागल्यावर, तिला घेऊन पावसला गेले. आई बाहेर येईना. दाराआडून तिने विचारलं, "कुणावर गेली गो पोर?"

मी कडेवरच्या पोरीकडे पाहिलं आणि म्हटलं, "सासूबाईंवर."

तेव्हा ती बाहेर आली. आईला मी पहिल्यांदा पुरतं पाहिलं. तीच रुंद कपाळपट्टी, तीच हनुवटीवरची खळी, तोच एका बाजूला जास्त उघडणारा डोळा. माझ्यात यातलं काहीच उतरलं नव्हतं. सगळं मला ओलांडून पोरीत उतरलं होतं. आईने तिला मांडीवर घेतलं, तोंड उजेडाकडे केलं आणि खूप वेळ बघितलं.

"होय गो," ती म्हणाली. "सासूवरच गेली."

माझी सासू तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मामाने पिकलेला आंबा कापून दिला. आईने फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि बाठा पोरीपुढे धरला, चोखायला. पोरीने तो डाव्या हाताने घेतला. आईने काढून उजव्या हातात दिला. पोरीने परत डाव्यात घेतला. आईने पुन्हा काढला, उजव्या मुठीत नीट बसवला, आणि तिचा तो चिकट डावा हात आपल्या डाव्या तळव्याखाली मांडीवर दाबून धरला. हळूच, दुखणार नाही असा. आत्यासारखेच तिचे डोळे भरले होते.

"राहू दे, आई," मी म्हटलं. "घेऊ दे तिला."

"नको गो," आई म्हणाली. "लोकं बघतात."

मामा केव्हाच बागेत निघून गेला होता. पडवीत आम्हा तिघींशिवाय कुणी नव्हतं.