पाठीवरची

जन्मनोंदणीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसून बाईंची कंबर गेली, गुडघे गेले, आणि बाळांचं कौतुक तर त्याच्याही आधी गेलं. लोक त्यांना नोंदणीबाई म्हणत. खरं नाव कुणी विचारत नसे आणि बाईंना तेच बरं वाटे. ते होतं रेनाटा.

ह्या नावाची सगळी कुंडली त्यांना पाठ होती. मूळ लॅटिन, अर्थ पुन्हा जन्मलेली. कोणतं नाव किती बाळांना ठेवलं, ह्याची यादी वर्षअखेरीला त्याच करत. त्यांच्या जन्माच्या सुमाराला मोठी साथ येऊन गेली होती. घराघरांतून लेकरं गेली, आणि गेलेल्यांच्या पाठीवर झालेल्या मुलींना हेच नाव मिळालं. जुन्या रजिस्टरात पानापानावर रेनाटा. पुढे कित्येक वर्षं नावाला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आता कुठल्याशा मालिकेची नायिका ह्या नावाची निघाली आणि आठवड्याला दोन-तीन अर्ज यायला लागले. "ऐकायला किती गोड," आया म्हणत. बाई मुकाट्याने लिहून घेत.

शिक्का मारण्याआधी मात्र त्या प्रत्येकाला सांगत, "ह्या नावाने एकदा रागावून हाक मारा बरं." बाप लाजायचे, आया हसायच्या, एखादं जोडपं विचारात पडून अर्ज परत न्यायचं. साहेब कुरकुरायचे, की बाई, तुम्ही उगाच काम वाढवता. "जन्मभर हाक त्यांना मारायची आहे, साहेब," एवढं बोलून बाई पुढचा कागद ओढायच्या.

त्या दुपारी रांगेत त्यांची लेक आली. कडेवर तीन आठवड्यांची मुलगी, मागे फाईल घेऊन जावई. नाव काय ठेवणार ह्याचा घरी थांगपत्ता लागू दिला नव्हता. नोंदीचा शेवटचा दिवस. आज राहिलं तर प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, महिनाभर खेटे. लेकीने हसत अर्ज सरकवला. त्यावर लिहिलं होतं, रेनाटा.

दोन वर्षांपूर्वी लेकीची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली होती.

"तुझंच नाव, आई," लेक म्हणाली. "अर्थ वाचला आणि वाटलं, हेच."

"रागावून हाक मारायची ना? मारतो की," जावई म्हणाला.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे आजवर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता मागे सहा माणसं उभी असताना सांगायची वेळ आली होती. "माझ्या आधी एक मुलगी होती घरात. चार वर्षांची होऊन गेली. म्हणून माझं हे नाव."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तिचे फ्रॉक मी घातले. तिला आवडायची म्हणून मला दुधावरची साय भरवायचे. मला ओकारी यायची, तरी गिळायचे, कारण मी खाल्ली की आई हसायची. मी आजारी पडले की आईचा चेहरा असा व्हायचा, जणू ती आधीचीच पुन्हा चालली. थकले गं मी. नोकरीने नाही, त्या नावाने थकले."

रांगेतून कुणीतरी खाकरलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. हे काही अर्ज नाकारण्याचं कारण नव्हतं. नाव रीतसर होतं, सह्या होत्या. लेक हट्टाला पेटली तर त्यांना शिक्का मारावाच लागला असता, आणि मग ही पोरसुद्धा त्यांच्यासारखीच जन्मभर दुसऱ्या कुणाची तरी होऊन राहिली असती.

लेकीचे डोळे भरून आले. "पण मला ती परत हवी आहे, आई."

"ठाऊक आहे. माझ्या आईलाही हवी होती."

"मग?"

"ती आलीच नाही," बाई म्हणाल्या. "मी आले होते. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही."

लेकीने खिडकीतून हात घालून अर्ज मागे घेतला.

जावई गोंधळला. "अगं, आज शेवटचा दिवस आहे. मग लिहायचं तरी काय?"

"माहीत नाही," लेक म्हणाली. बाजूच्या बाकावर बसून तिने बाळाच्या तोंडावरची दुपट्याची कड सारली. "थांब जरा. मला हिच्याकडे बघू दे."