बापूने न लिहिलेला शेवट

एका माणसानं तीन वर्षं जपून ठेवलेली लढाई मी एका दुपारी, चहाला उकळी फुटायच्या आत, संपवून टाकली. तीही रक्ताचा थेंब न सांडता! वर स्वतःवर खूश होऊन टाळी मागितली. ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. तेव्हा मी वयानं काही महिन्यांनी लहान होते आणि अकलेनं बरीच.

तो माणूस म्हणजे बापू, माझा धाकटा दीर. त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. मी धुळ्याला लेकीकडे होते. जळगावहून मनूचा, माझ्या नातीचा, फोन आला आणि ती नुसतंच "आजी..." म्हणाली. पुढचं काही न विचारता मी पिशवी भरायला घेतली.

बापूची सगळी नोकरी दीपनगरला, वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. निवृत्त होऊन जळगावात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घर बांधलं आणि मग करायला काही उरलं नाही म्हणून घरातल्या पंख्यांच्या मागे लागला. एका दिवाळीत त्याचा मुलगा पुण्याहून एक खेळ घेऊन आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. मुलगा परत गेला, फासे राहिले आणि पंखे सुटले. दर रविवारी दुपारी बापूच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघी जमायला लागलो. मी, कॉलेजातली मनू आणि शेजारची सुशीला अक्का, जिचं माहेर भडगावचं आणि तोंडात अजून अहिराणी.

बापू तयारी करायचा म्हणजे किती! पहिल्याच गोष्टीत त्यानं डोंगरावरच्या किल्ल्याला तीन वाटा काढल्या होत्या आणि तिन्ही वाटांवर काय काय घडणार ते लिहून आणलं होतं. मी त्याच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, "आम्ही किल्ल्यावर जात नाही. बाजारात केळी घेतो."

"वहिनी, बाजारात काही नाहीये."

"केळीवाली आहे ना? आत्ताच म्हणालास."

"ती नुसती बसलीये."

"बसू दे. नाव काय तिचं?"

बापू कागद चाळायला लागला. त्यात सुशीला अक्कानं विचारलं, "आन् डझनना काय भाव शे?" बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी सांगतो." आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. पुढच्या रविवारी तो केळीवालीच्या तीन पिढ्या लिहून घेऊन आला, तोवर आम्ही तिला तिथेच सोडून नदीवर मासे धरायला निघालो होतो.

मला तेव्हा वाटायचं, गोष्ट कशी आयत्या वेळी सुचायला हवी, लिहून कसली आणायची! केवढी मी शहाणी. माझ्या लग्नात उखाणाही आयत्या वेळी सुचेल म्हणून मी पाठ केला नव्हता आणि भर मांडवात "यांचं नाव घेते... यांचं नाव घेते..." करत अशी अडकले की शेवटी सासऱ्यांनी "पुरे, कळलं" म्हणून सोडवलं. हे मात्र मी सोयीनं विसरले होते.

हळूहळू बापूचे कागद कमी झाले. आता तो गोष्टीतल्या प्रत्येक माणसाबद्दल दोनच ओळी लिहायचा, त्याला काय हवंय आणि तो कशाला भितो. मग आम्ही कितीही वाकडे गेलो तरी तो अडायचा नाही. मी चिडवलं, "आमच्या वळणावर आलास म्हणायचं!" तर म्हणाला, "तसं नाही वहिनी. बॉयलरची ट्यूब फुटली की कुणी कुठे धावायचं, हे आमचं आधी ठरलेलं असायचं. कुठली फुटणार, ते कोण ठरवणार?" मी तोंड वाकडं केलं. मला काय कळलं होतं तेव्हा!

एकाच माणसाला त्यानं दोन ओळींत बसवलं नाही. ती किल्लेदारीण. तिनं वर डोंगरात नदी अडवली होती आणि खालची गावं सुकत चालली होती. गोष्ट तिच्याच दरवाजाशी संपणार होती. तिच्या लढाईची पानं वाढतच गेली. "एवढं एक मला माझ्या मनासारखं करू द्या," म्हणायचा. आणि नेमकी ती लढाई समोर आली तेव्हा बापूला वाक्य संपेपर्यंत श्वास पुरेना. डॉक्टरांनी फुफ्फुसांचं जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्यानं मला दवाखान्यात खाटेजवळ बोलावून कागदांचा गठ्ठा दिला. "मी बरा व्हायची वाट पाहू नका. शेवट तू चालव. बठ्ठं लिखेल शे, सगळं त्यात आहे. आणि काय झालं ते मला येऊन सांग... मला शेवट ऐकायचाय."

मी रिक्षात पहिलं पान वाचलं आणि गठ्ठा पिशवीत टाकला. मला काय, सुचेलच!

खेळ आमच्या घरी मांडला. किल्लेदारीण मी. गॅसवर चहा ठेवून, आवाज जाड करून गरजले, "दरवाजात कोण मरायला आलंय?" मनूनं फासा उचलला. सुशीला अक्का म्हणाली, "थांब वं मनू." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "माय, तू जेवनी का?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नाही." मग म्हणाले, "कुणी विचारलंच नाही." आणि किल्लेदारणीनं आतून कडी काढली. झालं, लढाई संपली. टाळी मागायला हात पुढे केला तर मनू पांढरी पडलेली. "आजी, बापूआजोबांना काय सांगणार आहेस?"

मग माझी घाबरगुंडी उडाली. मनू म्हणाली, "त्यांनी लिहिलंय तसंच सांग. त्यांना कुठे कळणार आहे?" रात्रभर बसून मी सगळी पानं वाचली. उकळत्या तेलाच्या कढया, भुयार, पडता बुरूज... इतक्या निगुतीनं मांडलेलं, की माझी मलाच लाज वाटली.

सकाळी त्याच्या खाटेशी बसून सुरुवात केली. कढया ओतल्या, भुयारातून गेलो. बापू डोळे मिटून ऐकत होता. "मग सुशीलानं तलवार उपसली..."

त्यानं एक डोळा उघडला. "कोणी?"

"सुशीलानं."

"वहिनी, इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसतेय. ती लढणार? ती आधी जेवणाचं विचारेल."

मग काय लपवणार? खरं ते सगळं सांगितलं. "नाही, कुणी विचारलंच नाही," हे किल्लेदारणीचं उत्तर सांगताना माझ्या ध्यानात आलं. रिक्षात वाचलेल्या त्या एकुलत्या एका पानावर बापूची पहिलीच ओळ होती, ती एकटी जेवते. मला सुचलं सुचलं म्हणून मी मिरवत होते ते त्या ओळीतून उगवलं होतं. मी म्हटलं, "बापू, तुझी लढाई मी घालवली रे."

तो वर पंख्याकडे बघत राहिला... मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलायचा नाही. मग त्यानं हात पुढे केला. मी त्याला धरून उठवलं, पाठीशी उशी लावली. श्वास जुळेपर्यंत थांबला आणि लहानपणी धुळ्याच्या घरी बोलायचा तसं म्हणाला, "हाई माले सुचनंच नव्हतं वहिनी. आते सांग, दरवाजा उघडना... मंग पुढे काय व्हयनं?"