इंजिनातले दोन ठोके आणि एक

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. मुलगी म्हणते, असे अनुभव लोक मासिकात पाठवतात, तू पण लिही. पाठवायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही... सध्या वहीत लिहून ठेवते.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. उपास करते, देवळात जाते. पण कोणाच्या अंगात आलं की मी मागे उभी राहून, घरी गॅस बंद केला होता ना, याचा विचार करणारी.

आम्ही पेडणे तालुक्यातल्या कोरगावचे. आमचे हे टॅक्सी चालवतात. दोन वर्षांपूर्वी, पाऊस संपता संपता, एक जुनी गाडी घेतली. कमी पडले ते एक लाख पार्स्याला दिलेल्या नणंदेने दिले. देताना म्हणाली, "आये जाऊन वर्स जावंक नाय आणि तुमका गाडी व्हयी?"

आये म्हणजे माझ्या सासूबाई. घरातलं माणूस गेलं की वर्षभर नवीन काही घेऊ नये, हे मला ठाऊक होतं. पण हे म्हणाले, गाडी जुनी आहे, म्हणजे ती नवीन वस्तू नव्हेच.

पंधराव्या दिवशी मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

पेडण्याच्या मेस्त्रीने लहानसं यंत्र जोडलं आणि म्हणाला, "नॉक सेन्सर."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"इंजिनाचो कान समज. आत ठकठक झाली की तेका ऐकाक येता, मग दिवो लागता."

त्याने दिवा घालवला. दोन दिवसांनी परत लागला. मग पेट्रोल बदललं, वायर बदलली, शेवटी सेन्सरच नवीन बसवला — तरी दिवा परत. आता इंजिन खोलायला लागेल म्हणाला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून हे तिथल्या टायरवरच बसले.

माझ्या मनाने घेतलं की आये रागावल्या. वर्ष पुरं व्हायच्या आत गाडी घेतली म्हणून. ह्यांना सांगितलं तर हसले. "आयेक गाडीतला काय कळता? ती जन्मात पुढच्या सीटवर बसूक नाय."

दुसऱ्या दिवशी ह्यांना तेरेखोलचं भाडं होतं. एक कुटुंब, दोन लहान मुलं. केरीला गाडी फेरीबोटीत घालावी लागते, आणि तिथला उतार सरळ नदीत जातो. त्याआधी इंजिन एकदा बघून घ्यावं म्हणून हे सकाळी गॅरेजला निघाले. मला बाजारात जायचं होतं, म्हणून मीही गाडीत बसले.

मेस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक चालू इंजिनाला, मूठ कानाला. "माका तरी कायच ऐकाक येणा नाय." ह्यांनी ऐकलं, त्यांनाही काही नाही. मग मेस्त्री चेष्टेने म्हणाला, "वयनी, तू बघ. बायलांचो कान तिखट. घोव खंय गेलो तां घरात बसून कळता."

मी नको म्हणत होते, पण ह्यांनी हाताला धरून पुढे केलं.

मी कान लावला. इंजिनाची घरघर... आणि तिच्या आतून, ठक ठक. मग थांबून, ठक. परत ठक ठक. थांबून, ठक.

आये पेडण्याच्या बाजारात नारळ विकायच्या. लग्न झाल्यावर चार वर्षं मी त्यांच्याबरोबर बसले. नारळ बोटाच्या पेराने दोनदा वाजवायच्या, फिरवायच्या, मग एकदा. तो शेवटचा आवाज बद्द आला की नारळ आतून गेलेला. मग त्या न बघताच तो पाठीमागे टाकायच्या.

आणि हा तिसरा ठोका बद्द होता.

पुरुषांसमोर मी सहसा बोलत नाही. पण तोंडातून निघालं, "मागचं बघा."

"मागे इंजिन नाय, वयनी."

"मागचं बघा तुम्ही," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. बहुतेक माझ्या रडण्याला घाबरूनच मेस्त्रीने गाडी वर घेतली.

तो गाडीखाली गेला. मग ह्यांना हाक मारली. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून ओला झाला होता. त्याने नख लावलं तर सालपट निघालं.

"आज खंय जातलस?" त्याने विचारलं.

"तेरेखोलाक," हे म्हणाले.

पाइप बदलला. इंजिनाला हात लावला नाही. तो दिवा आजपर्यंत परत लागलेला नाही. मेस्त्री म्हणतो, गाडी वर-खाली करताना एखादी सैल वायर नीट बसली असेल. असेलही... पण गंजलेला पाइप वाजत नाही, आणि सेन्सरशी त्याचा काही संबंध नाही, हेही तोच सांगतो. नंतर दोनदा मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. नुसती घरघर. मला खरंच काही कळत नाही.

नणंदेला सांगायचा धीर झाला नव्हता. गेल्या महिन्यात शेवटचे दहा हजार घेऊन पार्स्याला गेले, तेव्हा ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ती नोटा हातात धरून ऐकत राहिली.

"तुका तरी वाजवून दाखवल्यान," ती म्हणाली. "माझ्याकडे एकदासुद्धा येवंक नाय."

तिचे डोळे भरले होते, तिला मोजता आलं नसतं. मी तिच्या हातातून नोटा घेतल्या आणि तिच्यासमोर एकेक करून मोजून दाखवल्या. दहा हजार. लाख पुरे झाले.