अ तुकडीतला डॉक्टर

“डॉक्टर व्हायचंय, आणि ए ग्रुप?”

सरांनी माझा फॉर्म वर धरला. एक्स-रे उजेडात धरून बघतात तसा. जालन्यातल्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या हॉलमध्ये अकरावी सायन्सच्या प्रवेशाचं टेबल मांडलेलं. माझ्यामागं वीस-पंचवीस जण रांगेत. बहुतेक शहरातले, वडिलांना सोबत घेऊन आलेले. मी एकटा. जाफराबादकडून पहिल्या एसटीनं आल्तो. डोक्याला तेल इतकं की फॉर्मच्या कोपऱ्यालाही त्याचा डाग.

“कुणी सांगितलं ए लिहायला?”

कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्याच अकलेनं लिहिलं होतं. ती अक्कल मी सरांना होती तशी सांगून टाकली.

“सर, मी पहिलीपास्नं अ तुकडीतच हाये.”

मग सर हसले. चष्मा काढून हसले. त्यांच्या शेजारचा कारकून हसला. मग रांग हसली. मागून कुणीतरी विचारलं, काय म्हणाला, काय म्हणाला? पुढच्यानं मागच्याला सांगितलं. मग ते मागचेही हसले. हसू दारापर्यंत गेलं आणि परत आलं.

आता यात माझं काय चुकलं ते सांगतो. आमच्या शाळेत अ तुकडी म्हणजे हुशार पोरांची. ब तुकडी पत्र्याखाली बसायची, मुतारीच्या बाजूला. सहामाहीत कमी मार्क पडले की गुरुजी म्हणायचे, ब मध्ये टाकीन. पोरं मारापेक्षा याला जास्त भ्यायची. दर वर्षी जूनमध्ये माय एकच विचारायची, अ मधीच हाईस ना? दहा वर्षं मी हो म्हणत आल्तो. कॉलेजची माहितीपत्रकं संपली होती, नुसता फॉर्म हातात आला. त्यावर दोन चौकोन, ए आणि बी. दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडलेल्या पोरानं बी वर खूण करायची म्हणजे स्वतःच्या हातानं पत्र्याखाली जाऊन बसायचं.

सरांनी मग समजावलं. मला नाही, रांगेला. “मेडिकलला जीवशास्त्र लागतं. जीवशास्त्र बी ग्रुपला असतं. ए म्हणजे गणित. हे चिरंजीव गणितानं ऑपरेशन करणार.”

मी म्हणालो, सर, बी करून द्या मंग.

“बी भरला,” सर म्हणाले. “आणि तुला अ आवडतो ना? मग राहा अ मध्येच.” आणि शिक्का मारला.

मी काय केलं? मी हसलो. सगळे हसत होते, मीही हसलो. चांगले दात दाखवून. पावती घेतली आणि बाजूला सरकून ती खिशात नीट घडी करून ठेवायला लागलो. माझ्या मागचा मुलगा पुढं झाला. त्याचे वडील शहरातले डॉक्टर. सर उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली. मुलाची मार्कांची यादी बघून म्हणाले, अडुसष्ट, छान छान, बी ग्रुप ना? शिक्का मारला.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ऐकलं. आणि घडी करत राहिलो.

आमच्या घरात ही गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. लग्नात, बारशात भाचे-पुतणे मागं लागतात, मामा, अ तुकडीची गोष्ट सांगा. मी सरांचा चष्मा काढून दाखवतो, रांगेचं हसू करून दाखवतो. पोरं लोळतात. मग जेवणाची पंगत बसते आणि गोष्ट संपते. पुढची अर्धी मी त्यांना कधीच सांगितली नाही. पहिल्या अर्धीत मी येडा आहे. येडा असायची कुणाला लाज? दुसऱ्या अर्धीतला मी येडा नव्हतो.

त्या दिवशी घरी पोचलो तर अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात उभे. झालं का? झालं, म्हणालो. डॉक्टरचं ना? हो. एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. आमच्या गावात तेव्हा डॉक्टर नव्हता. ताप आला तरी जाफराबाद गाठायचं, तेही जीप भरली तरच. त्यामुळं गल्लीनं मला जून महिन्यातच डॉक्टर करून टाकलं. आडावर बायका म्हणायच्या, बाजूला व्हा गं, डॉक्टरला पाणी घेऊ द्या.

मी जालन्यात खोली करून गणित शिकत होतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला व्हरांड्याकडून खिडकी होती. तिथून मी बेडूक बघायचो. टेबलावर उताणा, पाय टाचणीनं टोचलेले. डॉक्टरांचा तो मुलगा नाकाला रुमाल लावून कापायचा. मी खिडकीतून जे बघितलं ते दिवाळीत घरी येऊन सांगितलं, मीच कापला म्हणून. मायनं तोंडाला पदर लावला. धाकटी बहीण कुसुम दहावीला होती. ती ताटावरून उठून वही घेऊन आली आणि म्हणाली, भाऊ, काळीज कुठं असतं ते काढून दाखव. मी काढून दाखवलं. कुठंतरी मधोमध.

कॉलेजात वेगळंच नाटक. तेच सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे, पण वर्गात मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. “अ तुकडी, उभा राहा.” मी उभा राहायचो आणि कवायतीला ठोकतात तसा सॅल्यूट ठोकायचो. वर्ग हसायचा. सर खूश. हे सॅल्यूटचं माझं स्वतःचं, कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आपण आधीच हसलो की त्यांचं हसणं आपल्याला लागत नाही. लागत होतं.

त्याच दिवाळीत शेजारच्या बायजाकाकूला ताप होता. कापूस वेचून आल्ती, ओट्यावर भिंतीला टेकून बसली आणि मनगट पुढं केलं. “डॉक्टर, बघ रं जरा.” मी काय करायला पाहिजे होतं? काकू, मी गणिताला हाये, म्हणायला पाहिजे होतं. पण अण्णा बघून राह्यलते. कुसुम बघत होती. मी मनगट धरलं. अण्णांचं घड्याळ मागून घेतलं. ओठ हलवत मोजलं आणि म्हणालो, “बराबर हाय. थकवा हाय नुसता. आराम करा.”

काकूनं दोन दिवस आराम केला. तिसऱ्या दिवशी बाजेवर घालून तिला जीपपर्यंत नेलं. विषमज्वर निघाला. वाचली. महिन्यानं घरी आली तेव्हा केस गेले होते. मी पुढच्या सुट्टीत गेलो तर मलाच समजावत होती, तू कशाला मनाला लावून घेतो, शिकून राह्यलास अजून.

हे मी भाच्यांना कसं सांगू?

पुढच्या वर्षी कुसुमला दहावीला ब्याऐंशी टक्के पडले. माझ्यापेक्षा चार जास्त. अण्णा म्हणाले, हीबी डॉक्टरच होईन. मीच तिला कॉलेजातून फॉर्म आणून दिला. दोघं जालन्याला निघालो. एसटीत ती खिडकीला बसली, फॉर्म मांडीवर, खाली वही. बस धक्के खात होती, म्हणून एकेक अक्षर थांबून लिहीत होती. नाव, गाव, मार्क. चौकोनापाशी आली. माझ्याकडं वळली.

“भाऊ, ए च ना?”

मला सगळं माहीत होतं. वर्षभर त्या चौकोनाच्या चुकीच्या बाजूला बसून आल्तो. एक अक्षर बोलायचं होतं, बी. पण बी म्हणालो की ती विचारणार, मंग तू? मग बेडूक निघणार. मग काकूचं मनगट निघणार.

मी म्हणालो, “हं.”

तिनं खूण केली. दोनदा गिरवली. मी खिडकीबाहेर बघितलं आणि मनात हिशेब मांडला: हॉलमध्ये गेल्यावर फॉर्म तिच्या हातातून घेऊ, गुपचूप खोडू, तिला कळणारही नाही. माझ्या आयुष्यात मी बरीच हलकी कामं केली. त्या ‘हं’ इतकं हलकं एकही नाही.

हॉल तोच. टेबल तेच. सर तेच. कुसुमनं फॉर्म माझ्या हातात दिलाच नाही. तिचा नंबर आला तशी तीच पुढं झाली. सरांनी आडनाव वाचलं, गाव वाचलं, मग मला बघितलं. चेहरा उजळला त्यांचा.

“अरे, अ तुकडी! तुझी बहीण का ही?” मग खाली बघितलं. “काय व्हायचंय हिला?”

“डॉक्टर,” कुसुम म्हणाली.

“आणि लिहिलंय काय? ए!” सरांनी फॉर्म रांगेकडं फिरवला. “घराण्यातच आहे हे.”

रांग हसली. कुसुमला वाटलं, आपल्या गावाला हसून राह्यले. तिनं मान ताठ केली.

“माझा भाऊ डॉक्टर व्हून राह्यलाय, सर. ए मधूनच.”

अभिमानानं म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

सर हसले नाहीत लगेच. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते थांबले होते, माझ्यासाठी. मी आधी हसायचो, सॅल्यूट ठोकायचो, मग सगळे. वर्षभर मी त्यांची कधी निराशा केली नव्हती. माझा हात सवयीनं अर्धा वर आलाही होता. हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण आल्ता. बहिणीच्या अपमानाला मी सॅल्यूट ठोकणार होतो.

हात खाली घेतला.

“कुसुम,” मी म्हणालो, “मी डॉक्टर व्हून राह्यलो न्हाई. मी गणिताला हाये. डॉक्टरला बी लागतो. मला माहीत होतं.”

पहिली तीन वाक्यं निघाली. चौथं ढकलून काढावं लागलं.

कुसुम माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखादा अनोळखी माणूस ओळखीचा वाटतो का, असं बघतात तसं. मग तिनं सरांच्या पुढ्यातला पेन उचलला, त्यांच्या हाताखालून फॉर्म ओढला, ए वर काट मारली आणि बी वर खूण केली.

“खाडाखोड चालत नाही,” सर म्हणाले. “आणि बी भरलाय.”

“किती जागा, किती भरल्या, दाखवा सर,” मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच, चिरकत होता. “मागच्या वर्षीबी भरलाय म्हणलात. माझ्या मागच्या अडुसष्टवाल्याला मिळाला. मी हितंच उभा होतो.”

रांगेतलं हसू थांबलं. सरांनी चष्मा नीट केला. आवाज खाली आणून म्हणाले, “तुझी बारावीची प्रात्यक्षिकं माझ्याकडं आहेत. विसरलास का?”

“न्हाई विसरलो.”

कुसुमनं पालकांसाठी ठेवलेली खुर्ची ओढली आणि बसली. मांडीवर पिशवी घेतली. “यादी येऊ द्या. तोपर्यंत बसते मी.”

मागून धोतर नेसलेला एक माणूस, पोरीला घेऊन आलेला, म्हणाला, दाखवा ना साहेब, आम्हालाबी बघायचीच हाय. मग आणखी एक बोलला. कारकुनानं सरांकडं बघितलं, सर खिडकीकडं बघायला लागले. कारकुनानं खणातून रजिस्टर काढलं. बी ग्रुपच्या जागा शिल्लक होत्या. अकरा.

शिक्का बसला. कुसुमला बी मिळाला. पुढं ती जे झाली ते तिचं तिनं केलं, त्यात माझा वाटा मी सांगत नाही.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. राजूरला बस थांबली तेव्हा मागं वळून एवढंच म्हणाली, “तू हं का म्हणलास?” मी हातातल्या तिकिटाची घडी करायला लागलो. मग म्हणाली, “घरी तू सांग. मी सांगणार न्हाई.”

घरी सांगितलं. ओट्यावर अण्णा, माय, आणि बायजाकाकूही होती. तिच्यासमोर सांगितलं. बेडकाचं, घड्याळाचं, सगळं. अण्णा उठून गोठ्याकडं गेले. दोन महिने त्यांनी मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. काकू आपलं मनगट चोळत बसली होती. माय म्हणाली, “सरानं फसवलं तुला. पण आम्हाला तू फसवलं रं.”

तिनं दोन वाक्यांत वाटणी करून दिली. मी मात्र दोन्हीकडची लाज एकाच गाठोड्यात बांधून फिरत होतो. सरांची लाजही मीच वाहत होतो, म्हणून माझी मला दिसत नव्हती.

प्रात्यक्षिकात सरांनी मला पास होण्यापुरते मार्क दिले. मेडिकलची वाट तर आधीच बंद होती. बी.एस्सी., एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, ज्युनिअर कॉलेजात मास्तर झालो. गणिताचाच. आता जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलामागं मी बसतो. खेड्यातली पोरं येतात, फॉर्म उलटा धरतात, भलतीकडं खूण करतात. शेजारी बसणाऱ्यांना अजूनही हसू येतं. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यानं एका पोरीचा फॉर्म वर धरला, वाचायला तोंड उघडलं. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला, भर रांगेसमोर. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. राहू दे.

पोरांना मी आधी विचारतो, काय व्हायचंय. मग कुठला विषय त्याला लागतो ते सांगतो. मग जागा किती उरल्या तो आकडा फळ्यावर लिहितो, रोज, माझ्या हातानं. प्राचार्यांनी दोनदा पुसायला सांगितलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा सांगतील. तेव्हाही नाहीच म्हणणार.