पांढऱ्या साटिनवरचं कुंकू

जयंतीभाईंनी घडी उलगडली. पांढऱ्या साटिनवर एका नाही, तीन ठिकाणी लाल ठिपका उमटला होता.

अलकापुरीतल्या त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात मी तुरपाईला होते. तुरपाई म्हणजे कापडाची कडा दुमडून हाताने टाके घालायचे. टाका बाहेरून दिसता कामा नये. दिवाळीनंतर दुकान लाभपंचमीला, गुजराती नव्या वर्षाच्या पाचव्या दिवशी उघडायचं. त्या दिवशी जयंतीभाई मशीनला हार घालत आणि वर्षाच्या पहिल्या कापडाच्या कोपऱ्याला ओल्या कुंकवाचं बोट लावत. कोपरा कापण्यात जायचा, म्हणून कधी काही बिघडलं नव्हतं. त्या वर्षी पहिलं कापड माझ्याच ओळखीने आलेलं, आमच्या चर्चमधल्या शांताबाईंच्या मुलीच्या, एस्तेरच्या लग्नाच्या गाऊनचं. या वेळी बोट घडीच्या मधोमध टेकलं आणि कुंकू खालपर्यंत झिरपलं.

"आ शुं थई गयुं, रूथबेन!"

धुतल्यावर ठिपके गुलाबी झाले, पण गेले नाहीत. दोन कापण्यात गेले. तिसरा समोरच्या घेरात, खालच्या कडेजवळ राहिला. कापड एस्तेरच्या मामाने परदेशातून आणलेलं. तसं दुसरं इथे मिळणार नव्हतं.

"वर लेसचं फूल लावी दईए," जयंतीभाई म्हणाले. "कोणाला समजणार?"

"शांताबाईंना सांगावं लागेल."

ते खट्टू झाले. "मी तर भगवानचं नाव घेऊन चांगल्यासाठी केलं, बेन. तुम्ही काम सुरू करताना नाव नथी लेता?"

"आम्ही रविवारी चर्चमध्ये घेतो."

"अने बाकीना दिवस?"

मी साटिनची घडी घातली.

संध्याकाळी सुभानपुऱ्याला शांताबाईंकडे गेले. दारातच सगळं सांगितलं. शांताबाई उसळल्या. "लग्नाच्या गाऊनवर कुंकू? तुझ्या भरवशावर कापड दिलं होतं, रूथ!"

एस्तेर हसू दाबत म्हणाली, "आई, माझ्या गाऊनसाठी कोणीतरी प्रार्थना तर केली! तू केली होतीस?"

"तू गप्प बस," शांताबाई म्हणाल्या. मग मला, "डाग दिसला तर तो गाऊन माझी मुलगी घालणार नाही. तुझ्या शेटला सांग."

आता एकच वाट होती. खालची दुमड नेहमीपेक्षा दुप्पट रुंद करायची, म्हणजे ठिपका आत जाईल. पण गोल घेराला रुंद दुमड नीट बसत नाही, चुण्या पडतात. त्यात साटिन निसरडं. चुणी दिसली की उसवायचं, पुन्हा बारीक चिमटी घेऊन बसवायचं. ठिपक्यावर आतून अस्तराचा तुकडा लावला. सुईत दोरा ओवताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "प्रभू, हा हात तुझा." आधी जरा लाज वाटली. चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणायचे शब्द मी चिंध्यांच्या ढिगात बसून म्हणत होते. मग वाटलं, प्रभूही सुतारकाम करायचाच की.

जयंतीभाई दोन-तीनदा चहा ठेवून गेले.

नाताळच्या आधी लग्न झालं. जयंतीभाई आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आले आणि शेवटच्या बाकावर बसले. सगळे नवरीचा चेहरा बघत होते, ते एकटे तिच्या पायांकडे. एस्तेर जवळून गेली तेव्हा पुटपुटले, "देखातुं नथी. दिसत नाही." बाहेर शांताबाईंनी घेर हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "नाताळला माझाही ब्लाऊज याच दुकानात टाक."

आता त्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. जयंतीभाई देवाघरी गेले. मी तरसालीला लेकाकडे असते. चष्मा लावून सुनेच्या साड्यांना फॉल लावते. दोरा ओवताना आजही प्रभूचं नाव घेते.

त्याआधी कापडाची घडी मात्र पूर्ण उलगडून बघते.