भिजलेले वाल

समोरच्या गॅलरीत दोघीजणी वाल सोलत बसल्या आहेत. बोटांत दाबला की दाणा सालीतून सुळकन बाहेर येतो. दोघींच्या माना खाली, तोंडं मात्र अखंड चालू.

मनातलं बोलायला येणाऱ्यांसोबत असेच वाल सोलत बसणं, हेच माझं काम. परवा एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुमच्या या पद्धतीचा उगम काय? शास्त्रीय पाठबळ कुणाचं?"

"माझ्या थोरल्या जावेचं," मी म्हटलं. सभागृह हसलं. हसू दे.

माझं बाळ पोटातच गेलं, तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण माझ्या डोळ्यांत बघून विचारायचा, "कशी आहेस?" आणि माझी वाचाच बसायची. जावेने काही विचारलं नाही. भिजलेल्या वालांचं पातेलं तिने दोघींच्या मध्ये ठेवलं. म्हणाली, "सोलू लाग गं, माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं." पातेलं निम्मं झालं आणि मी बोलू लागले. तिने मान वर केली नाही. म्हणून तर बोलत राहिले.

पुढे रीतसर शिकले, प्रमाणपत्रही भिंतीवर आहे. पण पातेलं मी कुणाच्या हसण्यापायी उचलून ठेवणार नाही.

बेल वाजते. दारात एक धिप्पाड गृहस्थ. खुर्चीत बसतात, हाताची घडी घालतात आणि सांगून टाकतात, "बायकोने पाठवलंय. मला काही बोलायचं नाही."

"नका बोलू." मी पातेलं पुढे सरकवते. "वाल सोला."