ज्याचं पुस्तक, त्यानं वाचायचं नाही

आमच्या राजूरमध्ये पुस्तक उघडं ठेवलं तर चार दिवसांत त्याचा रंग बदलतो. एका बाजूनं कोळशाची धूळ, दुसऱ्या बाजूनं चुनाभट्टीची. म्हणून समोरच्या क्वार्टरमधल्या श्रावणभाऊंकडे प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर असतं. छापलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. वर पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, हा त्यांचा दंडक. नाव वाचलं की माणूस आत शिरायच्या आधीच मत बनवून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या फडताळातली सगळी पुस्तकं गणवेश घातलेल्या पोरांसारखी दिसतात. कोण कुठलं, ते आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

श्रावणभाऊ खाणीच्या लॅम्प रूममध्ये होते. पाळीवर उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आल्यावर परत घ्यायचे. तिथं म्हणे अशी रीत होती की ज्यानं दिवा तयार केला त्यानं तो तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. आपल्या हातच्या कामात खोट दिसत नाही. रिटायर झाल्यावर ही रीत त्यांनी घरात पुस्तकांना लावली. ज्यानं पुस्तक सुचवलं त्यानं ते वाचून दाखवायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. दुसऱ्याच्या तोंडूनही चांगलं वाटलं तर ते पुस्तक खरं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला की पुढचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं. ते आटोपून घरी आलं की भाऊंच्या पडवीत हे दुसरं वाचन. भाऊ सुचवणार, त्यांची नात उर्वशी वाचणार. उर्वशी सुचवणार, भाऊ वाचणार. पोरीला अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हापासून हे चाललेलं. मी, कांताबाई, रोज जाऊन बसायचे. अर्धं ऐकायला आणि अर्धं डुलकी काढायला, खोटं कशाला बोलू? नवरा गेला, गुडघे गेले आणि टीव्हीचा रिमोट नातवंडांच्या हातात गेला. मग म्हातारीनं जायचं कुठं?

पण मला सांगायचं आहे ते भाऊंच्या सुनेबद्दल, अपेक्षाबद्दल. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बोलण्यासारखं तिनं काही केलेलं नाही, असं सगळ्यांना वाटतं. मला याचाच राग येतो.

अपेक्षा वणीला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी स्वयंपाक, डबे, मग शेअर ऑटोत चेंगरून वणी. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या. परत येताना वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायची, कारण सासऱ्याला एक पाहिजे आणि पोरीला दुसरं. नवरा धम्मदीप खाणीत, बहुतेक दुसऱ्या पाळीला, म्हणजे संध्याकाळी घरी नाहीच. पुस्तकांच्या ओझ्यानं तिच्या पिशवीचा बंद दर महिन्याला उसवायचा आणि ती तो माझ्याकडून शिवून न्यायची. एवढी पुस्तकं वाहून आणणाऱ्या बाईला तुला काय वाचायचंय, असं त्या घरात कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

गेल्या वर्षीच्या वर्षावासात आजा-नातीचं बिनसलं. उर्वशीनं तिचं स्वतःचं, मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेलं पुस्तक सुचवलं होतं. कादंबरी होती. नियमाप्रमाणे भाऊ वाचत होते. वाचता वाचता एका ठिकाणी आलं, की गोष्टीतली मुलगी पहाटे कोणाला न सांगता पिशवी उचलून घरातून निघाली. भाऊंनी तिथंच कॅलेंडरची पट्टी खुणेला घातली आणि पुस्तक मिटून फडताळात सारलं.

"हे असलं मी वाचत नसतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पोट्टी पळून चालली, आन् आमी बसून ऐकाव? टाइमपास हाय हा."

उर्वशीचं तोंड लाल झालं. "मंग तुमची पुस्तकं मी इतके वर्स वाचून राह्यली, ते काय मले आवडत होती म्हून? तुमाले वाईट नको वाटाले म्हून वाचत होती."

वार बरोबर वर्मी बसला. इतकी वर्षं म्हाताऱ्याला वाटत होतं, नात आपल्यासारखीच आहे. उर्वशी आत गेली, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. लोकांच्या घरी धुऱ्यावरून, बांधावरून भांडणं होतात. यांच्या घरी पुस्तकावरून झालं.

गंमत म्हणजे बोलणं बंद झालं, पुस्तकं देणं बंद झालं नाही. त्या घराला ती खोडच आहे. भाऊ एखादं संपवून टेबलावर ठेवायचे, उर्वशी एखादं ठेवायची, आणि ते इकडचं तिकडं करायला मध्ये अपेक्षा. यंदा वर्षावास पुन्हा लागला तेव्हा पडवीत वाचायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. एकदा पिशवी शिवून घ्यायला आली तेव्हा माझ्या दारात बसून तिनं सगळं सांगितलं. भाऊंना ती मामाजी म्हणते, उर्वशी आबाजी.

"उर्वशी नुसतं पुस्तक आदळते, मावशी. म्हणते, देऊन दे त्यायले. मी मामाजीले जाऊन सांगतो, उर्वशी म्हणे आबाजीले हे नक्की आवडंल. मामाजी म्हणतात, तिले म्हणा जरा डोकं लावून वाचत जाय. मी इकडं येऊन सांगतो, आबाजी म्हणे आपली पोरगी लै हुशार हाय."

"आन् त्यायले खरं वाटते?"

"वाटते ना. तेच तं वांधे झाले. आता मामाजी इचारतात, तिले यातलं काय आवडलं? उर्वशी इचारते, आबाजीले काय पटलं नाही? काई तं सांगा लागते. म्हून दोघायची पुस्तकं मलेच वाचा लागते. ऑटोत वाचतो, भाजी फोडणीले टाकली का वाचतो. काल एका बाईचं रक्त घेता घेता डोळा लागला माहा."

"कायले इतकं करतं वं? बसू दे दोघायले रुसून."

तिनं पिशवीचा बंद ओढून पाहिला. "पोरगी या महिन्यात नागपूरले चालली, मावशी. कॉलेज लागलं, होस्टेल भेटलं. मामाजीचा दम तुमी पाह्यताच. अशी न बोलता गेली आन् इकडं काई झालं, तं ते पोट्टी जनमभर रडंल. जायच्या आंधी दोघं एक डाव बोलले पाह्यजे. मंग मी सुटली."

त्या "सुटली"त इतका थकवा होता की मी दोरा दुहेरी घेऊन तो बंद शिवला. खाणीवरची धूळ ओढून ओढून भाऊंची छाती भात्यासारखी वाजते, हे मला दिसत होतंच.

उर्वशीला निघायला दोन-चार दिवस राहिले असतील. त्या दिवशी लॅबचं शिबिर मारेगावकडच्या एका खेड्यात होतं. अपेक्षा परत आली ती भिंतीला धरून. भाकरी टाकल्या, विहारात जाऊन आली, आणि पडवीत वाचायला बसली. रोज चालू असलेलं पुस्तक भाऊंनी सुचवलेलं होतं, कुठल्याशा वाळवंटातल्या प्रवासाचं. रोज उंट, रोज वाळू, रोज पाणी संपलेलं. अपेक्षानं फडताळात हात घातला, एक पुस्तक काढलं, खुणेची पट्टी होती तिथं उघडलं आणि वाचायला लागली.

मी भिंतीला टेकून माझ्या नेहमीच्या कामाला लागले होते. पण कानावर वाळू येईना. एस. टी. स्टँड आला. झाडूवाली आली, चहाची टपरी आली. मला वाटलं मी स्वप्नातच आहे. डोळे उघडले तर भाऊ खुर्चीत ताठ बसलेले. अपेक्षा एकसुरी आवाजात वाचत होती, दिवसभर लोकांची नावं पुकारते ना, तशी. आपण काय वाचतोय याचा तिला पत्ता नव्हता. कोऱ्या कव्हरांनी घात केला होता. उर्वशीचं ते गेल्या वर्षीचं पुस्तक तिच्या हाताला लागलं होतं, आणि पट्टी भाऊंनीच घातलेली, तिथल्या तिथंच.

आता भाऊ भडकणार, असं मला वाटलं. भाऊ हलले नाहीत.

गोष्टीतली ती मुलगी कोणाबरोबर पळून चाललीच नव्हती. ती चालली होती एस. टी.च्या ड्रायव्हर भरतीची परीक्षा द्यायला. घरचे जाऊ देणार नाहीत म्हणून न सांगता निघालेली. पिशवीत कागदपत्रं होती आणि तिच्या आज्याचे बूट होते, कारण चपला घालून आलेल्यांना परीक्षेला उभं करत नाहीत असं तिनं ऐकलेलं. बूट मोठे होत होते. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून ती त्यांच्या टोकात चिंध्या कोंबत होती. तिथपर्यंत अपेक्षानं वाचलं, आणि "तिनं उजवा बूट" एवढं म्हणून तिची मान छातीवर पडली. पुस्तक मांडीत घसरलं. ती चक्क झोपली होती.

आतल्या खोलीच्या दाराशी उर्वशी येऊन उभी होती. किती वेळची, कोणास ठाऊक.

भाऊ दाराकडे न पाहता म्हणाले, "उर्वशी, पुढचं वाच. तुही आई झोपली."

वर्षभरानंतर तिचं नाव त्यांच्या तोंडात आलं.

"मी कशी वाचू?" उर्वशी म्हणाली. आवाज चढा होता. "पुस्तक माहं हाय. नियम तुमचाच हाय ना?"

भाऊंनी चष्मा पुसला. वाकून सुनेच्या मांडीवरून पुस्तक उचललं, तिला धक्का लागणार नाही अशा बेतानं, आणि स्वतः वाचायला लागले. दोन वाक्यं झाली की दम लागायचा. मग थांबायचे. पान बोटाला सुटायचं नाही. तिसऱ्या पानाला उर्वशी येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि पान उलटायचं काम तिनं घेतलं.

मध्येच थांबून ते म्हणाले, "मी गेल्या वर्सी पान पलटवलंच नाही."

"पलटवलं असतं तं कळलं असतं," उर्वशी म्हणाली. मग पान उलटता उलटता, "तुमचं सगळंच नव्हतं नावडत, आबाजी. थोडं आवडत होतं."

"कोणतं?"

"मंग सांगतो. आंधी वाचा."

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला आणि अपेक्षाकडे पाहिलं. जिनं यासाठी जीव काढला ती तोंड उघडं टाकून घोरत होती. उठवावं असं मनात आलं, पण हात उचलला नाही.

सकाळी ती धावत माझ्याकडे आली. "मावशी, काल मी कोणतं पुस्तक वाचलं? फडताळात पाह्यलं तं उंटवालं तसंच हाय. मामाजी चिडले का?" मी काही सांगायच्या आधीच ती पुढं बोलून गेली, "मी त्यायले चहा देता देता सवयीनं म्हटलं, उर्वशी म्हणे तुमी काल... तं ते म्हणतात, मले तिनंच सांगतलं." एवढं बोलून ती थांबली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडली. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, पण ती उठली नाही.

उर्वशी गेली नागपूरला. जाताना तिनं ती कादंबरी आज्याकडेच ठेवली आणि उंटांचं पुस्तक स्वतः घेऊन गेली. आता दोघं फोनवर भांडतात, मध्यस्थाशिवाय.

ती गेली त्याच संध्याकाळी पडवीत भाऊ अपेक्षाला म्हणाले, "इतक्या वर्सात तुहं पुस्तक कधी झालंच नाही. कोणतं पाह्यजे सांग. नियमानं मी वाचतो."

अपेक्षा बराच वेळ फडताळाकडे बघत राहिली. दुनियेसाठी पुस्तकं वाहिलेली बाई, पण तिला एक नाव सुचेना.

"कोणतंही वाचा, मामाजी," ती शेवटी म्हणाली. "फक्त मले वाचाले लावू नका."

भाऊंनी हाताला येईल ते काढलं. तिनं पडवीत चटई टाकली, पाय पसरले, उशी मानेखाली घेतली. पहिलं पान संपायच्या आत ती झोपली. भाऊ आपले वाचत राहिले, दम घेत, हळू आवाजात. तेव्हापासून रोज हेच चाललंय. परवा मला राहवलं नाही.

"भाऊ, झोपली ना ते. आता कोणासाठी वाचून राह्यले? छातीले तरास कायले?"

त्यांनी पुस्तकातून डोळे न काढता हातानं मला गप्प बसवलं. ओळ संपवली आणि मग म्हणाले, "थांबलो का जागी होते."